पकडीचा रकाना

आमच्या प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणाऱ्या मावशींना सगळे पाठीमागे 'सरकार' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची बिशाद नव्हती. तेवीस वर्षं त्या पिंजरे धूत होत्या. रोज सकाळी प्रत्येक उंदराला जाळीवर ठेवायच्या आणि शेपटी हलकेच ओढायच्या. त्याने जाळी घट्ट धरली तर वहीत 'धरतो', नाहीतर 'सोडतो'. ही वही त्यांच्याकडे कुणी मागितली नव्हती. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू!

समुद्रात खडकांना चिकटून राहणारा स्पंज आणून मी त्याचा अर्क काढला होता. मलेरिया मेंदूपर्यंत गेलेल्या उंदरांच्या एका गटाला नुसतं नेहमीचं औषध दिलं, दुसऱ्याला औषध आणि अर्क. चौथ्या दिवशी रक्त तपासलं. दोन्ही गटांत जंतू साफ.

"मग तुझ्या अर्काने काय दिवे लावले?" संचालक म्हणाले. "उंदीर संपवा, विषय संपवा."

दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली आणि मी म्हणालो, "बरं सर." त्या 'बरं सर'ची मला आजही लाज वाटते.

मावशी मात्र पिंजऱ्यांच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसल्या. "उंदीर मिळणार नाहीत."

"मावशी, रक्त साफ आहे. आता बघायचं काय राहिलंय?" मी म्हणालो.

"साहेब, माझी पोरगी सहा वर्षांची होती. याच तापाने पडली होती. सकाळी रिपोर्ट आला, रक्त साफ. सगळे म्हणाले, जिंकलो. दुपारी माझ्या बोटावरची तिची पकड सुटली." त्यांचा आवाज चढला. "जंतू मेले म्हणजे जीव वाचला, हे मला शिकवू नका!"

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. मी जागची हलणार नाही."

त्यांनी वही पुढे केली. नुसत्या औषधाच्या बारा उंदरांपैकी आठांपुढे 'सोडतो' होतं. अर्कवाल्या बारांत फक्त दोघांपुढे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अर्क जंतूंना हातही लावत नव्हता. जंतूंशी झुंजताना अंगात जी आग भडकते, ती बहुधा तो शमवत होता. तेवढ्यात उशीर का होतोय ते बघायला संचालक आले. मी स्टुलाशेजारी जमिनीवर बसकण मारली. "सर, आणखी सहा दिवस द्या. नाहीतर आम्हा दोघांनाही काढा."

सर पाय आपटत गेले, पण दिवस मिळाले. सहा दिवसांत पहिल्या गटातले सात उंदीर मेले, दुसऱ्यातला एक.

उंदरांना लागू पडलं ते माणसाला पडेलच असं नाही. ती वाट लांब आहे. पण आमच्या छापील तक्त्यात 'जंतू'शेजारी नवा रकाना आला, 'पकड'.

मावशींनी एक कोरा तक्ता मागून घेतला. उंदराच्या नंबराच्या जागी पोरीचं नाव लिहिलं. जंतू: नाहीत. पकड: सुटली. मग तो त्यांनी संचालकांच्या खोलीसमोरच्या भिंतीवर चिकटवला.

"हा कुणी काढायचा नाही," त्या म्हणाल्या.

अजून कुणी काढलेला नाही.