खडीचा डाव

चिमाजी भित्रा होता आणि ते तो कुणापासून लपवत नसे. लपवायची सोयच नव्हती म्हणा. विंचू दिसला तरी त्याचे हात थरथरायचे आणि नुसता विंचवाचा विषय निघाला तरी थरथरायचे. अशा माणसाने विहिरीत सुरुंग लावायचं काम धरावं, याला काय म्हणायचं! पण पंचावन्न सालच्या सुमाराला तो सोलापूरकडचं कोरडं गाव सोडून पिंपरीच्या बाजूला आला, तेव्हा इकडे कारखाने उभे राहू लागले होते. त्यांच्या माणसांना पाणी हवं होतं, पाण्याला विहिरी हव्या होत्या, आणि खाली लागायचा तो काळा पाषाण. दगडाच्या पाट्या वाहणारे पुष्कळ मिळत, दारू ठासून बार उडवणारे मिळत नसत. बायकोकडे बघत, घाबरत घाबरत, चिमाजी हो म्हणाला.

दिघीच्या माळावर नानासाहेब नावाच्या ठेकेदाराची विहीर चालू होती. टोळीत बार लावणारे दोघेच. एक चिमाजी, दुसरा चाकणचा रहिमान. रहिमान आडव्या हाडाचा, मिशाळ, हसरा गडी. वात पेटवली की चिमाजी दोराला लोंबकळत माकडासारखा वर यायचा, आणि रहिमान बिडी ओढत सावकाश. दोघांचं मात्र छान जमायचं. भाकरीही एकाच बाभळीखाली सोडायचे.

बहुतेक बार उडत. एखादा उडत नसे, आणि त्याच्यासारखी वाईट वस्तू जगात नाही. वात विझली आहे की आत कुठे धुमसते आहे, ते वरून कळत नाही. कुणीतरी खाली उतरायचं, भोकाला कान लावायचा आणि ऐकायचं. बारीक सूं आवाज आला तर जीव मुठीत धरून दोर गाठायचा. काहीच आलं नाही तर भोकात पाणी ओतून दारू भिजवायची आणि वर यायचं. सगळी मदार कानावर.

उतरण्याआधी बराच वेळ थांबायची रीत होती, आणि त्या वेळात कोण उतरणार ते ठरायचं. पूर्वी नानासाहेब बोट दाखवत आणि मग भांडणं होत. शेवटी दत्तोबाने, म्हणजे टोळीतल्या सगळ्यांत जुन्या खोदणाऱ्याने, तोडगा काढला. दोघांनी समोरासमोर बसून तीन पानी खेळायची. पैशांच्या जागी विहिरीतलीच खडी, दोघांना सारखी ओंजळ. ज्याची खडी आधी संपेल तो खाली.

त्या खेळात चिमाजी क्वचितच हरला होता. लोकांना वाटे, नशीब. नशीब कसलं! चार जण खेळत असले की चांगल्या पानांची वाट बघत बसता येतं. दोघंच असले की दर डावाला खडी जातेच, आणि वाट बघणारा बसल्या जागी संपतो. म्हणून चिमाजी पानं उचलतच नसे. पालथीच ठेवून चाल करायचा. न बघता खेळणाऱ्याने एक खडा टाकला, तर बघून खेळणाऱ्याला दोन टाकावे लागतात. शिवाय स्वतःलाच पानं ठाऊक नसली की तोंडावर उमटणार काय? हात थरथरत, पण ते तर नेहमीच थरथरत. त्यावरून कुणाला काय कळणार?

आणि तो समोरच्याला बघत राहायचा. पानं नाही, माणूस बघायचा. ही विद्या त्याला बापाने दिली होती. बाप दारुडा आणि मारकुटा. तो उंबऱ्यात उभा राहिला की आज मार आहे की नाही, हे त्याच्या तोंडावरून ओळखायला चिमाजी फार लहानपणी शिकला होता. रहिमानला बरी पानं आली की त्याचा अंगठा मिशीवर जायचा. एवढं चिमाजीला पुरत होतं.

दोन महिन्यांपूर्वी रहिमान असाच हरून खाली उतरला होता. बार धुमसत होता. रहिमान दोरावर अर्ध्यात आला आणि खाली धडाका झाला. धुळीने माखून तो वर आला, दिवसभर डोकं धरून बसला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर. “काय न्हाई झालं, राव,” म्हणून हसलासुद्धा. त्या रात्री चिमाजीला जेवण गेलं नव्हतं. तरीही, आपण नव्हतो खाली, या विचाराने त्याला हायसं वाटलं होतं, हेही खरंच.

आणि आज पुन्हा एक बार उडाला नाही.

बाभळीखाली घोंगडी पसरली. दत्तोबाने पानं पिसून वाटली. सगळी टोळी भोवती बसली. खडी इकडून तिकडे जात राहिली, आणि मग रहिमान म्हणाला, “आज मी बी बघत न्हाई. हूं दे दोघांचं आंधळं.”

रहिमानने पानं बघितलीच नाहीत तर चिमाजीने त्याच्या तोंडावर वाचायचं काय? आता नुसतं दैव. तरी सवयीने त्याची नजर रहिमानच्या तोंडावर खिळली होती. तेवढ्यात पाटी वाहणारी अंबूबाई घागर घेऊन रहिमानच्या पाठीशी आली. “रहिमानभाऊ, पानी घ्या.” रहिमान हलला नाही. “अवं, पानी!” तरी नाही. पापणीसुद्धा लवली नाही. खेळात रंगला असेल, म्हणून ती पुढे गेली.

रंगलेला माणूस निदान मान हलवतो, हे चिमाजीला पक्कं ठाऊक होतं. त्याने मिशी पुसल्यासारखं करून तोंडावर हात धरला आणि म्हटलं, “चाल.” रहिमान वाट बघत राहिला. चिमाजीने खडा टाकला, तो दिसला, तेव्हा कुठे रहिमानने आपला टाकला. पुढच्या वेळीही तसंच. मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. रहिमान हल्ली बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. हाक मारली तर यायचा नाही, हात केला तर यायचा. त्या धडाक्याने त्याचे कान गेले होते, आणि त्याने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. कसं कळू देणार? बहिऱ्याला सुरुंगावर कोण ठेवतो?

आणि चिमाजी डाव जिंकला तर हाच माणूस खाली उतरून भोकाला कान लावणार होता.

सगळ्यांपुढे बोलावं, तर रहिमानची भाकरी गेली. न बोलावं, तर... दोघांची जवळजवळ सगळी खडी घोंगडीवर आली होती. हा डाव शेवटचा. तेव्हा चिमाजीने जन्मात केलं नव्हतं ते केलं. पानं उचलली. त्याला फक्त एवढंच हवं होतं की पानं फालतू निघावीत. फालतू निघाली तर देवानेच ठरवलं असं झालं, आपल्या डोक्याला ताप नाही. देवा, एखादी दुर्री दे, तिर्री दे, काहीही दे.

तीन गुलाम होते.

इतकी चांगली पानं त्याला आजवर आली असतील तर त्याने ती कधी बघितली नव्हती. नुसतं दाखवायचं आणि वर बसून राहायचं. कदाचित वात विझलेलीच असेल. बहुधा विझलेलीच असते. रहिमान उतरेल, पाणी ओतेल, येईल वर. आपल्याला कुठे काही ठाऊक आहे? आपण डॉक्टर आहोत का? चिमाजीने स्वतःला पुष्कळ समजावलं. पण समोर रहिमान बसला होता आणि त्याच्या ओठांवर घामाचे थेंब होते. रहिमानला घाबरलेलं त्याने कधीच बघितलं नव्हतं. ती भीती ओळखायला मात्र त्याला क्षणभरही लागला नाही, ती त्याच्या घरचीच होती.

त्याचे हात लटलट कापू लागले. सोंग करायची गरजच पडली नाही. त्याने पानं पालथीच गड्डीत खुपसली. “मी टाकली.”

टोळीत हसू फुटलं. “बघितलीस आन् बुडालास!” दत्तोबा मांडीवर थाप मारून म्हणाला. “तुला कुनी सांगितलं व्हतं पानं उचलायला?”

चिमाजीने पाण्याची घागर पाठीला बांधली आणि दोर धरला. खाली उतरताना त्याने तीनदा वर बघितलं. आभाळ लहान लहान होत गेलं. तळाला दारूचा जळका वास कोंडला होता. तो रांगतच भोकाशी गेला आणि त्याने कान टेकवला. आवाज येत होता. सूं, सूं, धड, धड. तो मागे कोसळला, दोराकडे धावला, आणि थबकला. आवाज इथेही होता. तो त्याच्याच कानांत होता. भीतीने रक्त असं उसळत होतं की त्यापलीकडचं काहीएक ऐकू येईना. दोन धड कान असलेला माणूस त्या भोकाशी ठार बहिरा होऊन बसला होता.

मग त्याने ऐकायचा नाद सोडला. डोळे गच्च मिटले आणि घागर भोकात पालथी केली.

बार उडाला नाही. वात धुमसत होती की विझलेली होती, कुणास ठाऊक. तो वर आला. माणसं भोवती जमली, पाठीवर हात फिरले. तो सगळ्यांना सारून रहिमानच्या अगदी पुढ्यात जाऊन बसला, त्याला तोंड नीट दिसेल असा. आणि ओठ मोठे हलवत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “भिजवली. आता भीती न्हाई.”

रहिमानने त्याच्या ओठांकडे बघितलं. मग डोळ्यांत बघितलं, बराच वेळ. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्याने मान खाली घातली. त्याचा हात पुढे आला आणि त्याने चिमाजीचं मनगट धरलं. दोन्ही हात थरथरत होते.

“कुनाला सांगू नगंस,” तो पुटपुटला.

“न्हाई,” चिमाजी म्हणाला. आता खेळ ठरलेला होता. यापुढे न उडालेल्या प्रत्येक बाराला त्यालाच हरायचं होतं. अर्धी विहीर अजून खणायची होती.