रेडिओतला सदू

आमच्या काकी रेडिओकडे पाठ करून रेडिओ ऐकायच्या. गिरणीत बाकी सगळे त्या खोक्याच्या तोंडापुढे असे दाटीने बसत, जणू आतून आता प्रसादच बाहेर येणार आहे. काकी मात्र भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, डावा कान तेवढा मोकळा ठेवून बसायच्या. कुणी हटकलं तर म्हणायच्या, "डोळ्याला काम दिलं की कान आळशी होतो रं." मीही दोनतीनदा तसं बसून पाहिलं. मला झोप लागली.

काकी म्हणजे माझ्या यजमानांच्या चुलती. घरात थोरल्या त्याच. कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या गावात मी लग्न होऊन आले, ते सातवी पास झाल्याचा आणि तीन महिने बाजाची पेटी शिकल्याचा तोरा घेऊनच. दोन्हींचा इथे कुणाला काडीचा उपयोग नव्हता. माझं नावसुद्धा उरलं नाही. माहेर नेरळचं म्हणून मी 'नेरळकरीण' झाले. पण पेटीचं कळल्यावर काकींनी मला चुलीपासून उठवलं आणि म्हणाल्या, "चल गं नेरळकरणी, भात भरडून आणू." मला वाटलं, सुनेला गाव दाखवताहेत.

भात भरडायला न्यायची काकींची रीत सगळ्या गावाच्या थट्टेचा विषय होती. लोक गाडीभर भात एकदम नेऊन महिन्यादोन महिन्यांची सोय करत. काकी आठवड्याला टोपलीभर नेत. कणगी भरलेली आणि तांदळाचं मडकं कायम रिकामं, असं आमचं एकच घर. पाहुणे आले की माझी धांदल, आणि काका ओरडायचे, "खंडीनं भात पिकतं आन् हितं पेज पिऊन ऱ्हायचं!" काकी शांतपणे म्हणायच्या, "ताज्या तांदळाची चव येगळी." चव कसली! गिरणीचे मालक उस्मानशेठ यांनी बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला होता, आणि दुपारच्याला ते इंजिन बंद करून तो लावत. इंजिनाची टुकटुक थांबली की कानात एक पोकळी व्हायची. मग खरखर, आणि त्या खरखरीतून मुंबईचं गाणं वर यायचं.

त्या गाण्यामागे पेटी वाजवणारा आपला सदू आहे, असं काकींचं म्हणणं होतं.

सदू हा त्यांचा एकुलता एक. मी त्याला कधी पाहिलं नाही. मी यायच्या आधीच तो घर सोडून गेला होता. गावच्या भजनात तो पेटी वाजवायचा, आणि पुढे शेतीत त्याचं मन लागेना. एकदा ऐन लावणीत चिखलातून उठून तो कुठल्याशा नाटक मंडळीच्या तालमीला गेला. परत आला तेव्हा काका दारात उभे होते. "पेटी वाजवायची तर ह्या उंबऱ्यात नको," म्हणाले. सदू उंबऱ्याच्या बाहेरच होता. तो तसाच मागे वळला. मुंबईला गेला, एवढंच कुणाकडून तरी कळलं. त्याच्याकडून काही नाही.

आता रेडिओवर गाणाऱ्याचं नाव सांगत, पेटीवाल्याचं कोण सांगतो? पण काकी हात ओळखायच्या. भजनाच्या त्या जुन्या पेटीतली एक पट्टी मुकी होती. दाबली तरी नुसता वारा यायचा. सदू लहानपणापासून त्याच पेटीवर शिकलेला, त्यामुळे ती पट्टी आली की अलीकडच्या सुरावर दोनदा बोट टेकून तो पलीकडे उडी मारायचा. मुंबईच्या चांगल्या पेटीवरही त्याची ती सवय गेली नाही, असं काकी सांगत. "त्ये बघ, लंगडला," त्या भिंतीकडे पाहत कुजबुजायच्या. "ऐकलंस?" तीन महिने पेटी शिकलेली मी गंभीरपणे मान हलवायची. देवाशपथ सांगते, मला तो लंगडा सूर कधी ऐकू आला नाही.

घरी येताना त्या मला त्याची खुशाली सांगत. "आज दमल्याला हुता." "आज पोटात नव्हतं काय त्याच्या." एकदा म्हणाल्या, "आज खुशीत हाय गं. कायतरी चांगलं झालंय." तेव्हा रेडिओवर माणूस तिकडे गायचा आणि त्याच घटकेला इकडे ऐकू यायचं. म्हणजे पेटी वाजली, की सदू त्या घटकेला जिवंत होता. काकींना एवढंच पुरे होतं. बायका पाठीमागे म्हणत, "म्हातारीच्या कानात भूत शिरलंय." काकींच्या कानावर तेही पडायचं. त्या म्हणायच्या, "शिरंना. खाऊनपिऊन सुखी हाय न्हवं?"

आणि मग लढाई सुरू झाल्याच्या पुढच्या वर्षी रेडिओवरून पेटी गेली. गाण्यामागे नुसती सारंगी. पहिल्या दिवशी काकींनी पदर आणखी मागे सारून कान दिला. दुसऱ्या खेपेला त्या भिंतीपासून वळल्या आणि उस्मानशेठना म्हणाल्या, "शेठ, तुमचा रेडिओ बिघाडलाय. पेटी येत नाय त्यातनं."

उत्तर दिलं ते शाळेच्या गुरुजींनी. गुरुजी गिरणीतले शास्त्री. वर्तमानपत्र येत असे ते त्यांच्याकडेच. "बिघडला नाही, सुधारला!" ते म्हणाले. "पेटी बंद केली रेडिओवाल्यांनी. परदेशी वाद्य ते. त्याचे सूर पायऱ्यांसारखे सुटे सुटे. आपलं गाणं उतरणीचं, त्याला पायऱ्या कशाला?"

"गुरुजी," काकी म्हणाल्या, "पायऱ्या नसल्या तर म्हाताऱ्या मानसानं उतरायचं कसं?"

गिरणी हसली. मग जी भांडणं जुंपली! कुणी म्हणे पेटीशिवाय गाणं म्हणजे मिठावाचून आमटी. कुणी म्हणे सारंगी रडते, मयताला बसल्यासारखं वाटतं. कुणाला गाणंच नको होतं, भाताचे भाव सांगा म्हणे. सगळे मिळून उस्मानशेठवर उखडले तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "अरे बाबांनो, गिरणीत टाकाल त्याच भाताचा तांदूळ पडेल. तिकडून ते जे टाकतात ते हितं निघतं. माझ्याशी कशाला भांडता?" पण त्यांनी पुढच्याच महिन्यात मुंबईच्या मेहुण्याला चौकशीला धाडलं. मेहुण्याने निरोप आणला, की पेटीवाले पांगले. कोण नाटकात, कोण सिनेमाच्या कंपन्यांत, कोण कुठे. सदाशिव नावाचं कुणी कुणालाच आठवत नव्हतं.

काकी टोपलीभर भात नेतच राहिल्या. सारंगीतही कान लावून बसत. एकदा माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "हाय गं. बसलाय तितंच, मागं. हात मांडीवर ठिवून." भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर कितीतरी दिवस रेडिओ लागला, की गाणाऱ्याच्या मागे हात मांडीवर ठेवून बसलेला एक माणूस मला दिसायचा. तोंड नसलेला, कारण तोंड मला ठाऊक नव्हतं.

वर्षं गेली. मुंबईच्या गोदीत तो भयंकर स्फोट झाला, त्यात कितीतरी माणसं बेपत्ता झाली, आणि काका खचले. आमच्याकडे रीत अशी, की घर सोडून गेलेल्या माणसाचा बारा वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर तो गेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, म्हणजे जीव अडकत नाही. बारा वर्षं भरत आली तसे काका भटजींकडे खेपा घालू लागले. काकींचं एकच. "जित्या पोराला जाळू द्यायची नाय मी."

"कशावरनं जिता?" काका विचारायचे. आणि पेटी तर आता वाजत नव्हती.

तेव्हा काकींनी जे केलं त्याने गिरणी हादरली. ज्या बाईने गुरुजींना गप्प बसवलं होतं, ती सिनेमाची गाणी मागू लागली. गुरुजी कळवळून म्हणाले, "काकी, तुम्हीसुद्धा? या वयात?" काकी म्हणाल्या, "गुरुजी, ह्या वयातच." खरं कारण माझ्या एकटीला ठाऊक होतं. सिनेमाच्या गाण्यांत पेटी चालायची. पण तिथे वाद्यं केवढी! काकी भिंतीला कपाळ टेकवून बसायच्या आणि उठताना म्हणायच्या, "जत्रंत पोर हरपल्यावानी झालंय गं. कुटं कुटं बघायचं?"

आणि एका दुपारी सापडला. बाईच्या आवाजातलं गाणं होतं. दोन कडव्यांच्या मध्ये सगळी वाद्यं थांबली आणि चार क्षण एकटी पेटी वाजली. काकींनी भिंतीवर हात आपटला. "लंगडला! शेठ, ऐकलंत? हाय त्यो!" उस्मानशेठनी गिरणीत गूळ वाटला. काकी त्या दिवशी रस्ताभर चालल्या नाहीत, तरंगल्या. पुतळ्याची गोष्ट बारगळली. काका त्या रात्री दोन घास जास्त जेवले.

गुरुजी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "सूनबाई, ती तबकडी असते. ध्वनिमुद्रिका. तो पेटीवाला तेव्हा तिथे बसलेला नसतो. कधी वाजवून ठेवलंय कोण जाणे. हे त्यांना सांगायला हवं."

उस्मानशेठच्या कानावर ते गेलं. ते इतकंच म्हणाले, "गुरुजी, तुमची शाळा शाळेत भरवा."

गाणं लोकांना आवडलं होतं. ते पुन्हा लागलं, पुन्हा पुन्हा लागलं. काकी दर वेळी खुलायच्या, मग जरा कमी खुलू लागल्या. एकदा ते चार क्षण होऊन गेल्यावर त्यांनी विचारलं, "शेठ, ह्यो येक डाव तरी येगळं का वाजवत नाय?"

शेठनी इंजिनाकडे पाहिलं. गुरुजींनी तोंड उघडलं आणि, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच असेल, मिटलं.

"कालच्यावानीच आज," काकी सावकाश म्हणाल्या. "दमलाबी नाय, भुकेजलाबी नाय. तितंच थांबतो, तितंच लंगडतो. जित्या मानसाचा हात दोनदा सारका पडत नाय."

वाटेत त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. घरी आल्यावर टोपली खाली ठेवून त्या काकांना म्हणाल्या, "पळसाची पानं आणा."

दोन वर्षं भटजींच्या मागे लागलेले काका जागेवरून हलले नाहीत. "घाई काय हाय?" म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दिवाळी जाऊ दे." शेवटी काकी स्वतः कोयता घेऊन निघाल्या तेव्हा ते उठले. पानं त्यांनीच आणली. नदीवर पुतळा त्यांनीच रचला, आणि अग्नी देताना, उंबऱ्यात उभं राहून बोललेला तो माणूस पानांच्या त्या पोराला "सदू, ऊठ रं" असं म्हणाला. आम्ही बायका घरी होतो. हे मला यजमानांनी नंतर सांगितलं, तेही एकदाच.

देश स्वतंत्र झाला होता, भात घरात आलं होतं. सुतक फिटल्यावर काकी पुन्हा टोपली भरू लागल्या. मी बरोबर गेले. शेठनी इंजिन थांबवलं, रेडिओ लावला, आणि नेमकं तेच गाणं. गिरणीत कुणी हलेना. कडवं संपत आलं तसा शेठचा हात रेडिओ बंद करायला कळीकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या, शेठ," काकी म्हणाल्या. "वाजवू द्या त्याला. आपुन काय केलंय, त्ये त्याला कुटं ठावं हाय?"