काचेचा ओटा

भंगारातल्या बाटल्या फोडून, त्यांचे तुकडे पांढऱ्या सिमेंटात बसवून स्वयंपाकाचा ओटा करतात, हे मी मोबाईलवर पाहिलं आणि माझ्या अंगातच आलं. डोंगर फोडून काढलेला ग्रॅनाइट आपल्या घरात नको, असं मी जाहीर केलं. नवरा म्हणाला, "सात पिढ्यांत घरात बाटली आली न्हाय, आता थेट शेगडीखाली आणतीस व्हय?" मी ऐकते कसली!

पेठ वडगावचा एक फरशी पॉलिशवाला मिळाला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. उभी हयात मोझॅक घासण्यात गेलेली. हिरवे, तपकिरी, पांढरे तुकडे त्यानं आठवडाभर खपून बसवले. घासायची वेळ आली तेव्हा त्यानं पाण्याची नळी मागितली. मशीन फिरताना वरून पाणी सोडत राहायचं, म्हणजे धूळ उडत नाही, गाळ होऊन खाली वाहते. पण खाली माझ्या प्लायवूडच्या नव्याकोऱ्या ट्रॉल्या होत्या. रविवारी पाहुणे जेवायला येणार म्हणून मी घाई करून आधीच बसवून घेतलेल्या.

"पाणी नको ओ दादा, ट्रॉल्या फुगतील की!"

"वैनी, कोरडं घासलं की लय धुरळा हुतोय. नाकातोंडात जातोय."

"दोन दिवसांचं तर काम हाय. भागवा की."

त्यानं टॉवेल तोंडाला गुंडाळला आणि मशीन सुरू केलं. धूळ इतकी, की दारातून तो दिसेना. मला वाईट वाटलं नाही असं नाही. म्हणून तासातासाला मी त्याला गुळाचा खडा देत होते. घशात धूळ गेली की गूळ खावा, छाती साफ होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि गूळ माहेरच्या गुऱ्हाळातला. करोनातले मास्क कपाटात खोकंभर पडून होते, ते मला आठवलेसुद्धा नाहीत. गूळ देऊन मी स्वतःवर खूश होते, हे सांगताना आज माझीच मला किळस येते.

ओटा सुरेख झाला. शेजारणी बघायला आल्या आणि मी प्रत्येकीला पर्यावरणावर व्याख्यान दिलं.

दीडेक वर्षानं ट्रॉल्यांचा सुतार भेटला. पॉलिशवाल्याची फुप्फुसं गेली, तो आता घरीच असतो, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मी वडगावला गेले. तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की गुदमरायचा. वर्षानुवर्षांची धूळ आहे, बरं व्हायचं औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. वर्षानुवर्षांची म्हणजे माझ्या दोन दिवसांची नव्हे, असं मी मनाला बजावलं. पटलं नाही. तो पाणी मागणारा माणूस होता, नको मी म्हणाले होते. माझ्यासारख्या आणखी किती जणांनी म्हटलं असेल, कोण जाणे.

मला माफी मागायची होती. "दादा, त्या दिवशी मी पाणी..." एवढंच बोलले. त्यानं मान वर केली, "वैनी" म्हणाला आणि पुढच्या शब्दासाठी हवा ओढू लागला. खांदे वर गेले, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. शब्द आलाच नाही. त्याची बायको धावत आली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, "बाई, काय बी इचारू नगासा त्यांस्नी. उत्तर द्याय जात्यात अन् जीव घाबरा हुतोय."

मी उठले. माफी मागितली असती, तर नुसतं "असू दे" म्हणायलाही त्याला श्वास लागला असता.