गाव ओळख देईना

१२ जून २०२३ रोजी उचगावात बांधावरच्या भांडणात भरमाण्णांनी चुलतभाऊ परशराम यांचा हात काठीने मोडला. दवाखान्याचे २३,४५० रुपये झाले.

पुढे बेळगावच्या कोर्टात गुन्हा शाबीत झाला. शिक्षा ठरवण्याआधी माणूस एरवी कसा आहे, हे पाहायला न्यायाधीशांनी प्रोबेशन अधिकाऱ्यांना गावात पाठवले. अहवाल चांगला आला तर सुटका, नाहीतर तुरुंग.

पण जीपमधून सरकारी माणूस उतरला की आमच्याकडे कोणी कोणाला ओळखत नाही. भरमाण्णा वाचावेत म्हणून सगळ्यांनी तेच केले.

"कोण भरमाण्णा? न्हाय बा ठाऊक."

अधिकारी वैतागून निघाले, तेव्हा परशराम आडवे आले.

"साहेब, ही सगळी खोटं बोलत्यात. ह्यो माझा भाऊ. लई तापट हाय, पर हात उचलला त्यो पहिल्यांदाच. माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला ह्योच वाढत हुता."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"खर्च भरू दे, आनि घरी ऱ्हाऊ दे. आत गेला तर मी भांडू कुणासंगं?"

हे सगळे अहवालात आले. न्यायाधीशांनी भरपाई द्यायला लावून, वर्षभर नीट वागण्याच्या हमीपत्रावर भरमाण्णांना घरी सोडले. हमीदार मी राहिलो. हमीपत्राच्या कागदाचे साठ रुपये त्यांच्याकडून मला अजून यायचे आहेत.