पेंडल हिलच्या घरातला कुत्रा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय आणि खरं सांगते, बहुतेकांवर हसलेय. माझं बालपण वसईत गेलं. तिथे प्रत्येक विहिरीवर कुणी ना कुणी बसलेलं असायचं म्हणे… पण आमच्या घरात असल्या गप्पांना थारा नव्हता. माझा आजही भुताखेतांवर विश्वास नाही. तरी लिहितेय, कारण त्या दिवशी मी एकटी नव्हते. चौघांनी ऐकलं.

मी सिडनीत शेरीफ ऑफिसर आहे, पण कॅज्युअल. म्हणजे जिथे माणूस कमी, तिथे आम्हाला पाठवतात. एरवी मी कोर्टाच्या दारात लोकांच्या बॅगा तपासते. गेल्या उन्हाळ्यात रेग्युलर स्टाफ कमी पडला आणि मला इव्हिक्शनच्या ड्युटीला घातलं. हुकूम घेऊन जायचं, भाडेकरूला बाहेर काढायचं, लॉकस्मिथकडून कुलूप बदलून घ्यायचं आणि चाव्या मालकाच्या एजंटच्या हातात द्यायच्या. एकदा कुलूप बदललं की विषय संपला.

त्या सकाळी पेंडल हिलला होतो. स्टेशनजवळच्या इंडियन दुकानांच्या मागची गल्ली, जुनं बैठं घर, बाहेर जाळीचं दार आणि आत लाकडी. माझ्याबरोबर माझा सीनियर ग्लेन, लॉकस्मिथ आणि मालकाचा एजंट. घरात भाडेकरू कमलाआंटी, फिजीकडच्या, हिंदी बोलणाऱ्या, साठीच्या पुढच्या, आणि पॅरालिसिस झालेला नवरा. हे मला आधीच माहीत होतं.

ग्लेनने जाळीचं दार उघडून आतलं दार ठोठावलं. "शेरीफ्स ऑफिस!"

आणि आतून कुत्रा भुंकला.

घरातलं छोटं कुत्रं केकाटतं तसं नाही हो… खोल, घशातून. पाठोपाठ काहीतरी जड दारावर आदळलं. आम्ही चौघे एकदम मागे. लॉकस्मिथ तर थेट व्हॅनपाशी.

"लीजमध्ये स्पष्ट लिहिलंय, नो पेट्स!" एजंट चिडला.

"मग तू जा आत, मेट," ग्लेन म्हणाला.

मी पुढे होऊन हिंदीत ओरडले, "आंटीजी, कुत्ते को बाँध दीजिए! हम सिर्फ़ बात करेंगे!" उत्तर नाही. नुसतं भुंकणं. आम्ही मागच्या दाराकडे गेलो, तर तो आमच्या आधी तिथे! दाराच्या खालच्या फटीशी फुसफुसणारा श्वास ऐकू येत होता.

मोकळा कुत्रा असला की आत शिरायचं नाही, असा आमचा नियम. ग्लेनने कौन्सिलच्या रेंजरला, म्हणजे मोकाट कुत्री पकडणाऱ्याला, फोन लावला. मग आम्ही उन्हात उभे. मधे दोनदा लॉकस्मिथने हिंमत करून पाऊल टाकलं, दोन्ही वेळा आतून तसाच दणका. मी अधूनमधून हाका मारतच होते. आंटींचा आवाज नाही, हे मला कुत्र्यापेक्षा जास्त खात होतं. आत काही बरंवाईट तर झालं नसेल?

बऱ्याच वेळाने रेंजर आला, लांब दांड्याचा फास घेऊन. त्याने फाटकात पाय ठेवला आणि भुंकणं थांबलं. एकदम. त्याने दाराला हात लावला, तर दार उघडंच होतं. कुलूप लावलेलंच नव्हतं!

आत कमलाआंटी भरलेली पर्स मांडीवर घेऊन नवऱ्याच्या खाटेशेजारी बसल्या होत्या. "कब से बोल रही हूँ बेटी, दरवाज़ा खुला है," त्या म्हणाल्या. "कौन सा कुत्ता?"

रेंजरने खाटेखाली, बाथरूममध्ये, परसात, सगळीकडे शोधलं. कुत्रा नाही, भांडं नाही, एक केस नाही. दाराला आतून साधा ओरखडाही नव्हता.

तेवढ्यात ग्लेनचा फोन वाजला. आंटींच्या वकिलाला त्याच सकाळी स्टे मिळाला होता. इव्हिक्शन थांबवा, परत या. मी आंटींना सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि हमसून हमसून रडल्या. आम्ही वेळेवर आत गेलो असतो, तर तो कागद यायच्या आधीच कुलूप बदललेलं असतं.

गाडीत ग्लेनने आधी काच वर केली. मग म्हणाला, "तूही ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"थँक गॉड."

ऑफिसात रिपोर्टसाठी त्याच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. ग्लेन दार ठोठावतो. लगेच आतून आंटींचा शांत आवाज येतो, "आ जाओ, खुला है." आणि त्यावर कॅमेऱ्यासकट आम्ही सगळे दचकून मागे सरतो! पुढे सगळं तसंच. लांबून जाणारी ट्रेन, झाडांवरच्या सिकाडा किड्यांची किरकिर, आणि कुत्र्याला बांधा म्हणून ओरडणारी मी. दर वेळी आंटी उत्तर देतात, "कुत्ता नहीं है, बेटी." अगदी स्वच्छ ऐकू येतं. भुंकणं मात्र एकदाही नाही. ग्लेनने ते पुन्हा लावलं, मग मशीन बंद केलं.

मालकाशी तडजोड होऊन आंटी अजून तिथेच राहतात. मागच्या महिन्यात दुकानात भेटल्या, कढीपत्ता निवडत होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "एक बात पूछूँ? उस दिन तुम लोग इतना डरे क्यों थे?"