टाकीचं झाकण

आज डिझेल भरताना हाताला वास लागला आणि अंबरनाथचा आनंदनगरचा चढ आठवला. माझी पिकअप तिथेच बंद पडायची. पंप बदलला, फिल्टर बदलला, तरी इंजिनाला डिझेल पुरेना. आता माल उशिरा आला तर काम बंद, असं कंपनीच्या साहेबानं बजावलं होतं.

त्या दिवशी बायको शेजारी होती. गाडी थांबल्यावर म्हणाली, "अहो, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडतं का? हवेला दुसरं लागतं."

"हे काय तुझं स्वयंपाकघर आहे?" म्हणत मी उतरलो आणि जुनं हरवल्यावर उल्हासनगरहून आणलेलं, हवेला भोकच नसलेलं टाकीचं गच्च झाकण सैल केलं. सूं करून हवा आत गेली. डिझेल वर ओढायला इंजिनाजवळचा हातपंप मारला, गाडी चालू झाली. माल वेळेत पोचला.

काम टिकलं, हेच तेव्हा मोठं वाटलं. आता आठवतं ते परतीचं. मीच तिला विचारलं होतं, "ब्रेक जरा आवाज करतोय का गं?"