दुसऱ्याच्या हातचं

पत्नी गेल्यावर आमची व्हिएन्नाची दोन्ही तिकिटं रद्द करायला मी आटपाडीहून साताऱ्याच्या एसटीत बसलो. व्हिएन्नात कॉफी कुठं प्यायची, केक कुठं खायचा, याची तिनं केलेली यादी हातात होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी फडकं सोडलं, भाकरीवर ठेचा ठेवून माझ्यापुढं धरली.

“आवं, दुखवट्याच्या घरात चूल पेटवत न्हाईत. दुसऱ्याच्या हातचं खायचं असतंय. तिथं तर समदं दुसऱ्याच्याच हातचं. जावा की.”

“एकट्यानं?”

“मग काय मी येऊ? खावा आदी.”

तोंडाला चव नव्हती, तरी भाकरी सावकाश संपवली. साताऱ्यात मी एकच तिकीट रद्द केलं.